क्षमा केली, पण साक्षही दिली

(पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.)

ऑगस्टचा शेवटचा रविवार आला की आमच्या चर्चमध्ये ओडिशासाठी प्रार्थना होते. दोन-तीन मिनिटांची. कंधमालच्या बंधुभगिनींना धीर दे, छळ करणाऱ्यांना सुबुद्धी दे, आमेन. मग पुढच्या गीताचा नंबर सांगितला जातो. यंदा उपासनेनंतर चहा घेताना मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सतरा वर्षं झाली रे. अजून किती दिवस हे उगाळायचं? आपण ख्रिस्ती माणसं. क्षमा करायची, सोडून द्यायचं. न्याय देवाच्या हातात."

काका मनाने फार चांगले. कोणाच्या घरी मयत झालं की सगळ्यात आधी पोचणारे. त्यांना वाद नको असतो, त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावागावांत दहा-वीस ख्रिस्ती घरं असतात, त्यांना चार-पाचशे घरांशी जमवून घ्यावं लागतं. 'वाद नको' हे शहाणपण तिथूनच आलंय. पण 'न्याय देवाच्या हातात' हे वाक्य मात्र माझ्या घशाखाली उतरलं नाही. त्यावरच लिहितोय. काकांसाठीही, आणि माझ्या यादीतल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध मित्रांसाठीही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कंधमाल कुठे आहे हेही माहीत नसेल.

आधी थोडक्यात, काय झालं ते.

२३ ऑगस्ट २००८. जन्माष्टमीची रात्र. ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यात जलेसपेटा इथल्या आश्रमात शिरून स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्यासोबतच्या चौघांना ठार मारलं गेलं. स्वामीजी विश्व हिंदू परिषदेचे मोठे नेते होते, १९६० च्या दशकापासून त्या भागात काम करत होते. हत्येची जबाबदारी माओवाद्यांनी घेतली. पण 'ख्रिश्चनांनी मारलं' हे त्याआधीच सगळीकडे पसरलं होतं. अंत्ययात्रा जिल्हाभर फिरवली गेली आणि तिच्या मागोमाग गावं पेटत गेली. मृतांचा सरकारी आकडा चाळिशीच्या आत आहे, चर्च आणि मानवी हक्क संघटनांचा शंभरच्या घरात. हजारो घरं जळाली, शेकडो चर्च आणि प्रार्थनागृहं पाडली किंवा जाळली गेली, पन्नास हजारांहून जास्त माणसं बेघर झाली. एका ननवर सामूहिक बलात्कार झाला. ओडिशातल्याच बरगढ जिल्ह्यात एका अनाथाश्रमात जमावाने एका तरुण मुलीला जिवंत जाळलं. ती मुलगी हिंदू होती. जाळणाऱ्यांनी नाव विचारलं नाही.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. आठच महिने आधी, २००७ च्या नाताळात, त्याच जिल्ह्यात ब्राह्मणीगावापासून सुरुवात होऊन चर्च आणि घरं जळाली होती. म्हणजे सरकारला अंदाज नव्हता असं म्हणायला जागा नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. लक्ष्मणानंदांची हत्या हा खूनच होता. ऐंशी पार केलेल्या वृद्धाला आणि सोबतच्या माणसांना सणाच्या रात्री गोळ्या घालणं याला कुठलंही समर्थन नाही. त्या पाच माणसांसाठी ज्याच्या तोंडून हळहळ निघत नाही, त्याने कंधमालच्या ख्रिश्चनांसाठी न्याय मागू नये. न्याय मागायचा तर सगळ्यांसाठी मागायचा, नाहीतर तो फक्त आपल्या बाजूचा हिशोब होतो.

आता ही माणसं कोण, ते बघू. कारण 'ख्रिश्चन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वांद्र्याचं चर्च आणि हिंदी सिनेमातला डिसूझा येतो. कंधमालमध्ये कंध आदिवासी आहेत आणि पाण नावाचा दलित समाज आहे. तिथले बहुतेक ख्रिस्ती पाण समाजातले, काही कंधही. जंगल, डोंगर, थोडीशी जमीन, हळदीचं पीक. कंधमालच्या हळदीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपल्या सांगलीच्या हळदीला मिळालं त्याच सुमारास. पाण माणूस हिंदू असेपर्यंत अनुसूचित जातीत असतो. ख्रिस्ती झाला की कागदावर त्याची जात पुसली जाते. गावात मात्र ती पुसली जात नाही, पाणवठ्यावर सगळ्यांना ती बरोबर लक्षात असते.

महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना यायला १९९० उजाडलं. म्हणजे १९५६ ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेल्या माणसाला केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षं थांबावं लागलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कंधमालमधला भडका नुसता 'धर्मांतराचा' नव्हता. जमीन कोणाची, आरक्षण कोणाला, बाजारात दुकान कोणाचं, असे सगळे जुने हिशोब त्यात होते. धर्माने त्या हिशोबांना काडी लावायचं काम केलं.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या चर्चमध्ये एक ओडिया मुलगा येतो. चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. गाव रायकियाच्या बाजूचं. २००८ मध्ये तो आठ वर्षांचा होता. मराठी त्याला समजतं, बोलतो हिंदीत. मला दादा म्हणतो. पहिली दोन वर्षं त्याने या विषयावर एक शब्द काढला नव्हता. मग एकदा शिफ्ट सुटल्यावर माझ्याकडे जेवायला आला होता, तेव्हा आपणहून बोलला.

त्यांचं घर जाळलं तेव्हा ते सगळे जंगलात पळाले. पावसाळा होता. तीन रात्री झाडाखाली काढल्या, लहान बहिणीला ताप. मग मदत छावणी. छावणीत कोणीतरी स्वयंसेवकाने तक्रारी लिहून घेतल्या, एकाच्या खाली एक. पोलिसांत गुन्हा दाखल व्हायला बरेच दिवस गेले. गावात परत जायची वेळ आली तेव्हा निरोप आला की हिंदू होऊन या, आणि केस मागे घेऊन या. हा निरोप त्या काळात कंधमालच्या कितीतरी गावांतून गेला. कित्येक कुटुंबं मग गावाला परतलीच नाहीत. बेतिकोला गावच्या लोकांना शेवटी नंदगिरी इथे वसाहतीत राहावं लागलं, स्वतःचं गाव सोडून.

याच्या आईने केस मागे घेतली नाही. फुलबनीच्या कोर्टात साक्ष द्यायला गेली. बस बदलून जायचं, दिवसभर बाहेर बसायचं, तारीख घेऊन परत यायचं. शेवटी एकदाची उभी राहिली. समोरच्या वकिलाने विचारलं, रात्रीची वेळ होती, अंधार होता, तुम्ही माणसं ओळखली कशी? ती म्हणाली, "आमचं घर जळत होतं साहेब, उजेड भरपूर होता."

आरोपी सुटले. दोन साक्षीदार उलटले होते, तिसरा आलाच नाही. "वो आदमी बाजार में रोज दिखता है दादा," तो सांगत होता. "माँ उसको नमस्ते करती है।"

मी विचारलं, राग नाही येत?

तो म्हणाला, आई रोज संध्याकाळी प्रार्थना करते तेव्हा त्या चौघांची नावं घेते. एकेकाचं नाव घेऊन. देवा, यांच्या मुलाबाळांना सुखात ठेव म्हणते. लहानपणी याला फार राग यायचा त्याचा. एकदा त्याने तिला विचारलंही, माफ केलंस तर कोर्टात कशाला गेलीस? तिचं उत्तर होतं, माफ मी माझ्या बाजूने केलं, पण कोणी विचारलं काय झालं, तर खोटं कसं सांगू?

काका, माझं निम्मं उत्तर त्या बाईने देऊन ठेवलंय.

आपल्याकडे क्षमा आणि समझोता यांची गल्लत होते. क्षमा म्हणजे माझ्या मनातला सूड मी सोडून देणं. तो माझा अधिकार आहे, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. पण खून, जाळपोळ, बलात्कार हे नुसते माझ्याविरुद्धचे गुन्हे नसतात. म्हणून तर खटला 'सरकार विरुद्ध अमुक' असा चालतो. कायद्यात काही गुन्हे आपसात मिटवता येतात, त्यांची यादी आहे. कोणाचं राहतं घर जाळणं त्या यादीत नाही. का नाही? कारण आज माझं घर जाळलेला माणूस मोकळा फिरला तर उद्या दुसऱ्याचं जाळेल. माझी क्षमा त्या दुसऱ्याच्या वतीने द्यायचा मला हक्क नाही.

ग्लॅडिस स्टेन्स आठवतात? २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्याच मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही काही वर्षं त्या बारीपाड्यात राहिल्या, कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. सगळ्या देशाने त्या क्षमेचं कौतुक केलं, २००५ मध्ये पद्मश्रीही दिली. पण खटला थांबला नाही. २००३ मध्ये दारासिंगला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा वेगळी आणि कायद्याचे परिणाम वेगळे, हे त्या बाईने कधी एकत्र केलं नाही. कौतुक करणाऱ्यांना मात्र यातला फक्त क्षमेचा भाग आवडतो. अल्पसंख्याकांनी क्षमा केली की बाकीच्यांना झोप चांगली लागते.

कंधमालचा न्याय कुठवर आला, तेही आकड्यांत बघा. हे आकडे माझे नाहीत, २ ऑगस्ट २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले आहेत. एकूण गुन्हे नोंदले गेले ८२७. त्यातल्या ३१५ प्रकरणांत आरोपपत्रच दाखल झालं नाही. आरोपी सापडले नाहीत, किंवा गुन्हा घडल्याचं दिसत नाही, असं म्हणून फायली बंद. उरलेल्या ५१२ पैकी ३६२ खटले तोपर्यंत निकाली निघाले होते. शिक्षा झाली ७८ खटल्यांत. म्हणजे २८४ खटल्यांत सगळे सुटले. न्यायालयालाही हे प्रमाण अस्वस्थ करणारं वाटलं. त्यांनी बंद केलेली ३१५ प्रकरणं पुन्हा तपासायला सांगितली, सुटलेल्यांच्या बाबतीत अपील करता येतं का ते बघायला सांगितलं, आणि भरपाई वाढवून दिली. मृतांच्या कुटुंबाला आणखी ३ लाख, पूर्ण पडलेल्या घराला आणखी ७० हजार.

माणसं सुटतात कशी, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना नवल वाटणार नाही. तक्रार उशिरा नोंदली की बचाव पक्ष म्हणतो बनाव आहे. साक्षीदार आणि आरोपी एकाच गावात राहतात, एकाच विहिरीवर पाणी भरतात. घरासोबत सातबारा, रेशनकार्ड, सगळे कागद जळतात आणि मग भरपाईच्या टेबलावर तेच कागद मागितले जातात. एक आरोपी तर तुरुंगात असतानाच २००९ ची विधानसभा निवडणूक जिंकून आमदार झाला. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गावातल्या शेतमजुराने उभं राहायचं. राहील?

दुसऱ्या बाजूला, लक्ष्मणानंदांच्या हत्येसाठी सात ख्रिस्ती माणसांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली. गरीब, खेड्यातली माणसं. त्यांचं अपील वरच्या कोर्टात पडून राहिलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत त्यांची दहा-अकरा वर्षं आत गेली होती. ते निर्दोष आहेत की नाहीत हे फेसबुकवर मी ठरवणार नाही. पण अपील ऐकायला इतकी वर्षं लागणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि स्वामीजींच्या अनुयायांवरही. खरे मारेकरी कोण होते, हे शंकेला जागा न राहता कळण्याचा हक्क त्यांनाही आहेच ना?

ज्यांच्या याचिकेवर २०१६ चा निकाल आला ते कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप राफेल चिनाथ. मूळचे केरळचे. २००८ पासून ते या एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. बाराच दिवसांनी, १४ ऑगस्ट २०१६ ला ते वारले, आपल्या मुंबईत. मी प्रोटेस्टंट, ते कॅथलिक. आमच्यात मतभेदाचे विषय पुष्कळ. पण या माणसाने 'न्याय देवाच्या हातात' म्हणून हात जोडून बसायचं नाकारलं, म्हणून मला ते माझेही बिशप वाटतात.

आता काकांच्या वाक्याकडे. न्याय देवाच्या हातात. हे वचनात आहे का? आहे. सूड घेणं देवाचं काम, माणसाचं नाही, असं पवित्र शास्त्र सांगतं. पण सूड आणि न्याय एक नव्हेत. प्रभू येशूने स्वतः प्रार्थनेबद्दल शिकवताना कोणाची गोष्ट सांगितली? देवळात डोळे मिटून बसलेल्या कोणा साध्वीची नाही. लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात ती आहे. एक विधवा आणि एक न्यायाधीश. न्यायाधीश असा की त्याला देवाची भीती नाही आणि माणसांची लाज नाही. ती बाई त्याच्याकडे परत परत जाते, माझ्या केसचा निकाल लावा म्हणते. तो टाळतो, ती पुन्हा येते. शेवटी तो वैतागून निकाल देतो, ही बाई माझा पिच्छा सोडणार नाही म्हणून.

लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला या गोष्टीचं तात्पर्य सांगितलं होतं, 'सतत प्रार्थना करावी.' बरोबर आहे. पण प्रार्थनेचं उदाहरण म्हणून प्रभूने निवडली ती कोर्टाची पायरी झिजवणारी बाई. तिच्याकडे वकील नाही, पैसा नाही, ओळख नाही, नवरा नाही. फक्त चिकाटी आहे. फुलबनीच्या कोर्टाबाहेर बाकड्यावर बसलेल्या बाया बघितल्या की ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची वाटत नाही. त्यांची प्रार्थना आणि त्यांची तारीख यात मला तरी फरक करता येत नाही.

आणखी एक सांगतो. आपल्या मराठी बायबलमध्ये डोंगरावरच्या प्रवचनात 'नीतिमत्त्व' हा शब्द येतो. प्रभू ज्यांना धन्य म्हणतो त्यांच्यात नीतिमत्त्वाची भूक-तहान असलेले लोक आहेत, आणि त्यापायी छळ सोसणारेही. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत, माणसाचं सरळ वागणं आणि न्याय. मराठीत 'नीतिमत्त्व' म्हटलं की आपल्याला फक्त दारू न पिणारा, खोटं न बोलणारा माणूस दिसतो. भाषांतरकारांना मी दोष देत नाही, त्यांनी मोठं काम करून ठेवलंय. पण त्या जागी एकदा 'न्याय' शब्द ठेवून ती वचनं मनात वाचून बघा. अंगावर येतात. मग ज्या बाईला न्यायाची भूक लागली आहे तिला 'आता सोडून दे' म्हणायला जीभ रेटत नाही.

आता माझ्या हिंदू मित्रांसाठी. दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात, ते आधीच घेतो.

पहिला, "पण ते धर्मांतर करत होते त्याचं काय?" फसवून, दाबून, आमिषाने धर्म बदलायला लावणं चूकच, आणि कोणी केलं असेल तर तक्रार करा. ओडिशात त्यासाठी कायदा १९६७ पासून आहे, असा कायदा करणारं स्वतंत्र भारतातलं ते पहिलं राज्य. उच्च न्यायालयाने तो १९७२ मध्ये रद्द ठरवला, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. म्हणजे २००८ मध्ये तक्रार करायची तर कायदा हातात तयार होता. तो बाजूला ठेवून ज्यांनी रॉकेलचा डबा उचलला त्यांना धर्मांतराची काळजी होती असं मला वाटत नाही. आणि 'हिंदू हो, मगच गावात ये' हेही जबरदस्तीचं धर्मांतरच की.

दुसरा, "तुमच्या चर्चने काय कमी अत्याचार केले?" केले. गोव्यात १५६० ला धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन आलं, मध्ये थोडा खंड पडून १८१२ पर्यंत चाललं. हिंदूंची देवळं पाडली गेली, माणसं देव पाठीवर घेऊन नदीपार फोंड्याकडे गेली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही घरात जुने रिवाज पाळले म्हणून शिक्षा झाल्या. ही आमच्याच धर्माच्या नावाने झालेली गोष्ट आहे आणि ती लपवायची मला इच्छा नाही. उलट त्यातून मी एवढंच शिकतो की राजसत्ता आणि धर्म एकाच बाजूला उभे राहिले की जो बाहेर असतो तो भरडला जातो, मग धर्म कुठलाही असो. गोव्याचं उदाहरण देऊन कंधमाल झाकता येत नाही. गोवा समजलेल्या माणसाला तर कंधमाल लगेच समजायला हवं.

शेजारच्या पाकिस्तानातलं एक उदाहरण देतो. आसिया बीबी ही शेतात मजुरी करणारी ख्रिस्ती बाई. ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. तिच्या बाजूने बोलले म्हणून जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं. ते मुसलमान होते. मार्चमध्ये एकमेव ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी यांना मारलं. आणि तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्यावर आग लागणार हे माहीत असताना, तिला निर्दोष सोडलं. ते निकाल देणारे न्यायाधीशही मुसलमानच होते. आशा कुठून येते असं कोणी विचारलं तर मी हे सांगतो. ज्यांना गप्प बसणं सोयीचं होतं अशा बाहेरच्या माणसांपैकी कोणीतरी बोललं, म्हणून ती बाई वाचली.

कंधमालमध्येही अशी माणसं होती. त्या ओडिया मुलाच्या बहिणीला ताप होता ना, तिच्यासाठी चौथ्या दिवशी गोळ्या आणि भात घेऊन जंगलात आलेला माणूस कंध हिंदू होता. रात्री आला आणि उजाडायच्या आत परत गेला, कोणी बघू नये म्हणून. त्याची आई प्रार्थनेत त्याचंही नाव घेते, आणि म्हणे सगळ्यात आधी घेते.

फादर स्टॅन स्वामींबद्दल लिहिलं नाही, ते मुद्दाम. त्यांची अटक धर्मामुळे नव्हती, यूएपीएखाली होती. त्यांना छळाच्या या यादीत टाकणं बरोबर होणार नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांचा, कंपवात झालेला माणूस खटला सुरू होण्याआधीच ५ जुलै २०२१ ला कच्चा कैदी म्हणून आपल्या मुंबईत मेला, हे विसरायची गोष्ट नाही. न्यायाला उशीर झाला की काय होतं ते तिथे दिसलं.

तर काका, माझं म्हणणं एवढंच. न्याय देवाच्या हातात आहे यावर माझाही विश्वास आहे. शेवटचा हिशोब तोच करेल, आणि तो विश्वास नसता तर २८४ हा आकडा वाचून माणूस खचून गेला असता. त्या बाईला आरोपी सुटल्यावरही दुसऱ्या दिवशी उठून भात रांधता आला, त्याला नमस्ते म्हणता आलं, ते याच विश्वासावर. निकालाने तिचं खरं खोटं ठरत नाही हे तिला माहीत आहे. पण तोच विश्वास तिला कोर्टातही घेऊन गेला होता. देव बघतोय म्हणून ती घरी बसली नाही. देव बघतोय म्हणूनच तिला खोटं बोलता आलं नाही.

२०२३ मध्ये व्हॅटिकनने कंधमालच्या पस्तीस मृतांना हुतात्मा ठरवण्याची प्रक्रिया सुरू करायला हिरवा कंदील दिला. चांगलं झालं. त्यांच्या नावाने उद्या वेद्या उभ्या राहतील, मेणबत्त्या लागतील. पण पस्तीस जणांचे फोटो भिंतीवर लावून साक्षीदारांना एकटं सोडलं तर त्या मेणबत्त्यांचा काय उपयोग?

करण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंचसं साधं आहे. २००७ आणि २००८ च्या दंगलींसाठी दोन न्यायिक आयोग नेमले होते. दोघांचेही अहवाल २०१५ मध्ये सरकारला सादर झाले. ते विधानसभेत मांडा आणि लोकांना वाचू द्या, ही मागणी ओडिशातले लोक वर्षानुवर्षं करतायत, तिला आपला आवाज द्यायला काय हरकत आहे? ३१५ बंद फायलींपैकी किती उघडल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. साक्षीदारांना संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केली आहे, ती आपल्या जिल्ह्यात तरी चालते का, ते आपल्या वकील मित्राला विचारता येतं. ते नुसतं ख्रिश्चनांच्या नाही, खैरलांजीच्या आणि खर्ड्याच्या साक्षीदारांच्याही उपयोगाचं होतं. आणि दलित ख्रिस्ती-मुस्लिमांच्या दर्जाचा प्रश्न निघेल तेव्हा, १९९० पर्यंत बौद्धांनी काय सोसलं हे आठवणाऱ्या माझ्या मित्रांनी आमच्या बाजूला उभं राहावं, एवढी विनंती.

मंडळीपुरतं सांगायचं तर, पुढच्या ऑगस्टला प्रार्थना दोन मिनिटांची असो की दहा मिनिटांची, तिच्यात 'धीर दे' सोबत 'न्याय दे' हे दोन शब्दही असावेत, असं मी पाळकसाहेबांना पत्र लिहून कळवलंय. सोबत एक सुचवलंय की त्या दिवसाचं दान फुलबनीला तारखेला जाणाऱ्या माणसांच्या बसभाड्यासाठी पाठवावं. अजून उत्तर आलेलं नाही. आठवडाभर थांबेन, नाहीतर पुन्हा पत्र लिहीन.